नाणी जमवताना

● एकच विषय निवडा: सातवाहन, बहमनी, मुघल किंवा शिवराई. थोडी नाणी, पण सखोल अभ्यास.

● नोंदवही ठेवा: धातू, वजन, व्यास, टांकसाळ आणि मुख्य म्हणजे मिळाल्याचे ठिकाण. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहन नाण्यांचा मोठा साठा सापडला. कुंभ, कर्ण अशी पुराणांतल्या यादीत नसलेली राजांची नावे त्यातून कळली. असा साठा विखुरला, तर इतिहास हरवतो.

● घासू नका: चिंच, लिंबू, पॉलिश यांनी अक्षरे झिजतात.

● कायदा पाळा: जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

● शिका: नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.