झाड छाटणारा दारात आला, तर आधी काय पाहाल?



आपल्या शिक्रापूरच्या चौकात सकाळी दहा मिनिटे उभे राहून पाहा. पुणे-अहिल्यानगर रस्ता आणि चाकणचा रस्ता इथे मिळतात. सणसवाडीच्या कारखान्यांना जाणाऱ्या गाड्या, कांद्याच्या पिशव्या भरलेले टेम्पो, आणि त्यांतच एखादी पिकअप : मागे शिडी बांधलेली, दोरांची भेंडोळी टाकलेली, बाजूला रंगीत पाटी. पाटीवर लिहिलेले असते, ‘सर्व प्रकारची झाडे योग्य दरात तोडून व छाटून मिळतील.’ लोक त्यांना कटरवाले म्हणतात.

पूर्वी हे काम घरचा गडी कोयत्याने करी, नाहीतर गावातला एखादा आरीवाला करी. आता बंगल्यांचे प्लॉट पडले, शेड वाढल्या, विजेच्या तारा वाढल्या, आणि झाडावर चढणारे हात मात्र कमी झाले. म्हणून या धंद्याला दिवस आले आहेत. धंदा वाईट नाही, गरजेचाच आहे. पण हा माणूस दारात येऊन स्वतःला आणि आपल्या हत्यारांना कसे दाखवतो आणि आपण त्यात काय पाहतो, यावर झाडाचे आणि कधीकधी माणसाचे आयुष्य ठरते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

एका आंब्याची गोष्ट

आमच्याच भागातल्या एका घरची ही हकिगत आहे. नाव सांगत नाही. घरापुढे चाळीस वर्षांचा रायवळ आंबा होता. त्याच्या दोन फांद्या नव्या गोठ्याच्या पत्र्यावर आल्या होत्या. एवढेच काम होते. मार्च महिना संपत आला होता. मालक बाजारला गेलेले, घरी आजी आणि सूनबाई. पिकअप दारात थांबली. एकाने कोरे करकरीत यंत्र काढून अंगणातच सुरू केले. आवाजाने कोंबड्या उडाल्या, पोरे जमली. “आजी, पैसे नको. झाड फुकट छाटून देतो, लाकूड तेवढे आमचे,” असे तो म्हणाला. फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

पण बंधूंनो, ज्याची मजुरी लाकडात आहे, त्याचे हित जाड फांदीत असते. दोन फांद्यांच्या जागी सगळ्याच मोठ्या फांद्या उतरल्या. खाली उरला तो हात तुटलेला खांब. एक पोरगा अनवाणी, कमरेला दोर नसताना, एका हाताने यंत्र चालवत होता. फांदी फिरून त्याच्या पायाला घासून गेली. तो वाचला, हे नशीब.

पुढे एप्रिल-मेचे ऊन थेट खोडावर बसले. जी साल इतकी वर्षे सावलीत होती ती पश्चिमेच्या बाजूने भाजली, तडकली. त्या भेगांतून भिरूड शिरला. मला बोलावले तेव्हा खोडाच्या बुंध्याशी भुसा सांडलेला होता. भोकांत औषध घालून ती चिखलाने लिंपली, चुना लावला, पण उशीर झाला होता. तिसऱ्या वर्षी झाड वाळले. फुकटची छाटणी अशी महाग पडली.

दाखवणे वाईट नाही

आता कोणी म्हणेल, मग या दिखाव्याच्या लोकांना दारातच उभे करू नये. मी तसे म्हणणार नाही. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे आपण बाजारात रोज पाहतो. चांगल्या मालालाही तोंड लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरते, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर चांगला असूनही गिऱ्हाईक मिळेना. तो पटला तो रानात चालताना पाहिल्यावर. पुढे १९२० साली कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिकही काढले. माल लोकांपुढे नीट मांडणे ही त्यांनी धंद्याचीच बाब मानली. तेव्हा दाखवावे, अवश्य दाखवावे. फरक एवढाच, की नांगराची पारख तासात झाली. यंत्राची पारख अंगणातल्या आवाजात होत नाही, ती कापात होते.

हत्यारे अशी पाहा

यंत्राचा रंग आणि नाव पाहू नका. एक जुने लाकूड जमिनीवर ठेवून कापायला सांगा आणि खाली काय पडते ते पाहा. साखळीला धार असेल तर ढलप्या पडतात. धार गेली असेल तर पिठासारखा भुसा पडतो, आणि माणूस यंत्र जोराने दाबू लागतो. अपघात अशाच वेळी होतात. दुसरे, यंत्र नुसते चालू असताना, खटका न दाबता, साखळी फिरता कामा नये. तिसरे, पुढच्या मुठीपाशी साखळी थांबवणारा ब्रेक असतो. पात्याचे टोक लाकडाला लागले की यंत्र उसळी मारून चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. तो ब्रेक त्यासाठी असतो. “ब्रेक चालतो का, दाखवा,” असे खुशाल म्हणा. जाणता माणूस रागावणार नाही, त्याला बरेच वाटेल.

आता माणसाकडे पाहा. डोक्यावर टोपडे आहे का, डोळ्यांना चष्मा आहे का, पायात बूट आहेत का, कमरेला पट्टा आणि दोर आहे का? दोर हातात घेऊन चाचपा. कुजलेला, गाठी मारलेला दोर नको. नारळासाठी तर चढण्याचे यंत्रही निघाले आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना या यंत्राने चढण्याचे शिक्षण दिले. नारळाचे झाड असेल तर असा शिकलेला माणूस शोधा.

खिळ्यांचे बूट घालून कोणी जिवंत झाडावर चढू लागला तर थांबवा. प्रत्येक खिळा सालीला जखम करतो. जे झाड पाडायचेच आहे, तिथेच ते चालतात.

डाळिंबवाल्यांनी एक गोष्ट अधिक पाहावी. छाटणीची कात्री एका बागेतून दुसऱ्या बागेत तेल्या घेऊन जाते. टोळी रानात शिरण्यापूर्वी कात्र्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्या, आणि रोगट झाडानंतर पुन्हा बुडवा. जो टोळीवाला हे द्रावण स्वतःहून बरोबर आणतो, त्याला दोन पैसे जास्त द्यावेत.

एक प्रश्न विचारा

“ही फांदी कुठून आणि कशी कापणार?” एवढा एकच प्रश्न विचारा. जाणत्याचे उत्तर असे येईल : जड फांदीला आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून काप द्यायचा, तिसऱ्या हिश्श्याइतका. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापायचे. म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला ठोंब तिसऱ्या कापात काढायचा. फांदीच्या बुडाशी जो फुगीर पट्टा दिसतो, त्याच्या लगत बाहेरून. पट्टा कापायचा नाही आणि ठोंबही ठेवायचा नाही.

याचे कारण समजून घ्या. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी याच कटर यंत्राने हजारो खोडे उभी चिरून आत पाहिली. त्यांना दिसले, की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड आतून जणू भिंत घालून सडका भाग अलग करते, आणि बाहेरून नवे लाकूड त्यावर चढवते. ही ताकद त्या फुगीर पट्ट्यात असते. तोच कापला तर सड खोडात उतरते.

कापावर बोर्डो मलम लावावे : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद व चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावा. मात्र मलम हे संरक्षण आहे. चुकीचा काप त्याने बरोबर होत नाही. आणि एका वेळी झाडाचा चौथा हिस्सा, यापेक्षा जास्त पाला उतरवू नये. “शेंडा उडवून झाड गोल करतो,” म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा.

कागद आणि तारा

आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, मोह, हिरडा, चंदन ही झाडे स्वतःच्या रानातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. “परवानगीचे आम्ही पाहू” या शब्दावर विसंबू नका. तहसील कार्यालयात किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे स्वतः चौकशी करा. कागद आपल्या हाती असावा.

झाड विजेच्या तारेजवळ असेल तर महावितरणच्या कार्यालयात कळवून, प्रवाह रीतसर बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नका. ओली फांदी आणि लोखंडी शिडी दोन्हींतून वीज वाहते.

चढणाऱ्याचा विमा आहे का, हेही विचारा. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. वय १८ ते ७० आणि बँकेत खाते, एवढेच लागते. टोळीतल्या पोराचे नाव त्यात नसेल तर ते घालायला मुकादमाला सांगा. ते पोर आपल्यासारख्याच एखाद्या घरचे असते.

या धंद्यातल्या तरुणांना

आपल्यातलीच काही मुले आता यंत्र घेऊन हा धंदा करू लागली आहेत. त्यांना सांगणे एवढेच : पाटी रंगवा, पण तिच्यावर खरे तेच लिहा. आज कापलेल्या झाडाचे चित्र गिऱ्हाइकाला दाखवू नका, दोन वर्षांपूर्वी छाटलेले झाड नेऊन दाखवा. मजुरी, दिवस, कोणत्या फांद्या आणि लाकूड कोणाचे, हे कामाआधी कागदावर मांडा. फांद्यांना चुन्याची खूण करा. हत्यारे धुतलेली, धार लावलेली ठेवा. आणि जिथे कापायची गरज नाही, तिथे “राहू द्या, मालक” म्हणा. त्या दिवशीची मजुरी जाईल, पण पुढची दहा घरे तुम्हालाच बोलावतील.

घरातल्या भगिनींना

टोळी बहुधा मालक घरी नसतानाच येते. तेव्हा एक नियम करा : झाडाचा निर्णय त्याच दिवशी घ्यायचा नाही. “उद्या या, घरी विचारते,” एवढे म्हटले की पुरे. झाड चाळीस वर्षे उभे आहे, ते एक रात्र आणखी उभे राहील. ज्याचे काम खरे आहे तो उद्याही येईल.

त्या आंब्याच्या घरी मी अधूनमधून जातो. आजी आता थकल्या आहेत. त्या अंगणातल्या झाडाच्या कैऱ्यांचे लोणचे शेजारीपाजारी वाटले जाई. अलीकडे लोणच्याची कैरी शिक्रापूरच्या बाजारातून येते. गेल्या पावसाळ्यात सूनबाईंनी त्याच जागी नवे कलम लावले आहे, गोठ्यापासून चांगले वीस हात दूर सरकवून. त्याला कुंपण केले आहे, आणि त्याच्या पहिल्या छाटणीला मला बोलावणार आहेत.

आपल्याही दारातल्या झाडाकडे आज संध्याकाळी एकदा वर मान करून पाहा. कोणती फांदी खरोखर काढायची आहे, ते आधी आपण ठरवा. मग छाटणाऱ्याला हाक मारा.