रक्तदाबाचा आकडा आणि सुरतेचे भुसू

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही गुजरातेतील म्हण आम्ही अनेकदा ऐकली होती. तिची आठवण व्हावी असा प्रसंग मात्र गतवर्षी होळीच्या सुमारास उधन्यास आला. तेथे आमचे एक स्नेही राहतात. मूळचे धुळ्याकडचे. खानदेशातून सुरतेस जाऊन यंत्रमागांवर पोट भरणारी जी असंख्य मराठी कुटुंबे आहेत, त्यांतीलच हे एक. आम्ही पोहोचलो तो घरात सुतकी शांतता! कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात सहज म्हणून दंडाला यंत्र लावले, आणि आकडा निघाला १६८/१०२.

“आता आमचे किती दिवस राहिले म्हणायचे?” त्यांनी विचारले.

आम्ही उलट विचारले, यंत्र लावले तेव्हा आपण काय करीत होता? रात्रपाळी संपवून ते परतले होते. वाटेत चहा व तंबाखू झाली होती. दुकानदाराशी उभ्याउभ्या गप्पा चालल्या होत्या आणि हात खाली लोंबत होता. मग आकडा चढू नये तर काय व्हावे?

हा आकडा म्हणजे रक्ताचा धमनीच्या भिंतीवरील जोर. स्टीफन हेल्स नामक इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत काचेची नळी बसविली, तेव्हा रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली प्रसिद्ध केला. आज दंडाला पट्टा बांधून तोच जोर पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा, ते विसावते तेव्हाचा खालचा. हा जोर घटकेघटकेला बदलतो, म्हणून मोजण्याची रीत सांभाळावी लागते. अगोदर अर्धा तास चहा, तंबाखू व श्रम वर्ज्य. लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला, आणि तोंड बंद! मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. दंड जाड असल्यास पट्टाही मोठा हवा. तोकडा पट्टा आकडा फुगवतो.

या रीतीने मोजता आमच्या स्नेह्यांचा आकडा १५०/९४ वर आला. घरात हसू उमटले, परंतु ते थोडे अवेळीच होते. दवाखान्यात १४०/९० व घरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आकडा पुनःपुन्हा येत राहिला, तर तो उच्च रक्तदाब मानतात. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ टिपलेल्या आकड्यांची त्यांची सरासरी १४६/९२ भरली. वही पाहून डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली व तंबाखू सोडावयास सांगितले.

तीन महिन्यांत आकडा १२४/८० झाला, आणि ‘आता बरा झालो’ म्हणून गृहस्थांनी गोळी बंद केली! हीच चूक आम्ही आपल्या गावांतही पाहतो. तो चांगला आकडा गोळीचा होता. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून रक्तदाब नाही असे नव्हे; काही न जाणवता तो वर्षानुवर्षे मेंदू, हृदय, डोळे व मूत्रपिंडे पोखरीत राहतो. पावसाळ्यात त्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा १७०/१०४! गोळी पुनश्च सुरू झाली. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही रक्तदाब चढतो, हे डॉक्टरांनी त्या वेळी बजावले.

एक अपवाद ध्यानी असावा. आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत कळ, धाप, एका अंगाची शक्ती जाणे, बोबडी वळणे किंवा दृष्टी अंधुक होणे यांपैकी काही असेल, तर वहीत टिपत न बसता तत्काळ इस्पितळ गाठावे. लक्षणे नसली तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे, व आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मिठाचे प्रकरण मात्र गृहिणींच्या हाती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणशी दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नको. त्यात लोणचे, पापड, फरसाण आले, आणि आपले खारे बोंबीलही आले! सुरतेच्या गाठ्यांत तर मिठाखेरीज खारही असतो. सोडियम त्यातही आहेच.

शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, आम्ही पुन्हा उधन्यास होतो. त्या रात्री सारे सुरत घारी खाते, आणि तोंडी लावावयास भुसू म्हणजे खारे फरसाण. वहिनींनी यजमानांच्या पानात घारीचा लहानसा तुकडा वाढला. भुसूचा पुडा मात्र त्यांनी न उघडताच आमच्या पिशवीत घातला. आमचा रक्तदाब त्यांनी विचारला नव्हता.