बोथट ड्रिल आणि भाजलेले हाड

पुणे–सोलापूर महामार्गाने भिगवण सोडून इंदापूरकडे निघाले की लोणी देवकर लागते. एकीकडे उजनीच्या पाण्याचा मुलूख आणि उसाची शेते, दुसरीकडे औद्योगिक वसाहत. रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक, गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. अशा भागात हात-पाय मोडणे नवे नाही. पूर्वी घरोघर हाडवैद्याचे नाव निघे, आता लोक बारामती, इंदापूर किंवा पुणे गाठतात. प्लेट बसते, रॉड बसतो आणि घरी येणारे-जाणारे विचारतात, "ऑपरेशन नीट झालं ना?"

या "नीट झालं ना" मध्ये एक बारीक गोष्ट दडलेली असते. तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे हाडाला भोक पाडणाऱ्या ड्रिलची धार.

प्लेट हाडावर चिकटवता येत नाही. ती स्क्रूने आवळावी लागते आणि स्क्रूसाठी आधी भोक पाडावे लागते. साडेतीन मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण अडीच मिलिमीटरचे भोक, साडेचार मिलिमीटरच्या स्क्रूला ३.२ मिलिमीटरचे. एका प्लेटला सहा-आठ भोके सहज लागतात. म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञाच्या कामात थोडी सुतारकीही आहेच. फरक एवढाच की सुताराचे लाकूड मेलेले असते, हाड मात्र जिवंत असते. त्यात रक्त फिरते, त्यात पेशी असतात आणि मोडलेला भाग सांधण्याचे खरे काम त्याच पेशी करतात. प्लेट आणि स्क्रू फक्त हाड जागेवर धरून ठेवतात.

धार गेली की काय होते?

आपल्या वसाहतीतल्या कारखान्यात ड्रिल मशीनवर काम करणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा. धारदार बिट धातू कापते आणि बरीचशी उष्णता कीस होऊन बाहेर निघून जाते. बोथट बिट कापत नाही, घासते. मग कारागीर जास्त दाबतो, बिट तापते, धूर निघतो. म्हणून तो वरून कूलंट सोडतो आणि अधूनमधून बिट बाहेर काढून कीस झटकतो.

हाडातही हेच घडते, पण तिथे नुकसान अधिक. हाड उष्णता लवकर वाहून नेत नाही, त्यामुळे ती भोकाभोवतीच साठते. १९८३ साली स्वीडनमधील एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशांच्या हाडांवर अभ्यास करून दाखवले की ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिले तरी हाडाची भरून येण्याची ताकद बिघडते. आपले शरीर ३७ अंशांवर असते, म्हणजे फक्त दहा अंशांचे अंतर. चहा याहून कितीतरी गरम असतो.

त्याआधी, १९७२ मध्ये, मॅथ्यूज आणि हिर्श यांनी माणसाच्या मांडीच्या हाडात भोके पाडून तापमान मोजले होते. दोनशेहून अधिक भोके पाडलेल्या जुन्या ड्रिलने नव्या ड्रिलपेक्षा हाड बरेच जास्त तापले आणि जास्त वेळ तापलेले राहिले. भोक पाडताना पाणी सोडले तर तापमान चांगलेच खाली राहते, हेही त्यांना दिसले. शस्त्रक्रियेत मिठाचे निर्जंतुक पाणी, म्हणजे सलाईन, ड्रिलवर सोडतात, ते यासाठीच.

भाजलेल्या हाडाची अडचण अशी की ते त्या दिवशी दिसत नाही. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेमध्ये सगळे सरळ असते. पण स्क्रूभोवतीच्या हाडाचे बारीक कडे मेलेले असेल तर शरीर पुढच्या काही आठवड्यांत ते झिजवून टाकते. स्क्रूची पकड सुटते, प्लेट हलू लागते, कधी तिथे जंतुसंसर्ग घर करतो. मग दुसरे ऑपरेशन. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात त्याचा अर्थ आणखी काही महिने चूल उधारीवर, आणि मोठ्या मुलाची शाळा सुटण्याची भीती.

पलीकडच्या बाजूचा धोका

दुसरे नुकसान दाबामुळे होते. हाडाची पलीकडची भिंत फुटते त्या क्षणी ड्रिल थांबवावे लागते. सर्जन ते हाताने आणि बदललेल्या आवाजावरून ओळखतात. पण बोथट ड्रिलवर जोर दिलेला असेल तर ते झटक्याने पुढे घुसते. पलीकडे स्नायू, रक्तवाहिन्या आणि नसा असतात. दंडाच्या हाडाला लागूनच मागून जाणारी नस दुखावली तर मनगट उचलता येत नाही.

ही काळजी आजची नाही. दहाव्या-अकराव्या शतकात अंदलुसमध्ये, कुर्तुब्याजवळ, अबुल कासिम अज-जहरावी हे थोर शल्यचिकित्सक होऊन गेले. 'किताबुत तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग त्यांनी शस्त्रक्रियेला दिला आणि त्यात हत्यारांची चित्रे काढली. कवटीला भोक पाडण्यासाठी त्यांनी असे गिरमिट सांगितले आहे की ज्याच्या टोकाच्या थोडे वर उंचवटा असतो. त्यामुळे ते ठरावीक खोलीपुढे जाऊन मेंदूला लागत नाही. कवटीची जाडी प्रत्येकाची वेगळी, म्हणून अशी गिरमिटे निरनिराळ्या मापांची ठेवावीत, असेही ते सांगतात. हत्यार रोग्याच्या शरीराला जुळले पाहिजे, ही समज हजार वर्षांपूर्वीची आहे.

ड्रिल बोथट का राहते?

बाहेरचे हाड कठीण असते. ड्रिल कधी प्लेटला किंवा स्क्रूला घासते. प्रत्येक वापरानंतर धुणे आणि वाफेने निर्जंतुक करणे होतेच. टोकाची झीज नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही आणि ड्रिलवर किती भोके पाडली याचा आकडा उमटत नाही. म्हणून काही ठिकाणी वापराची नोंद ठेवतात, काही ठिकाणी एकदाच वापरायची ड्रिल घेतात. त्यासाठी खर्च होतो, पण दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा तो नक्कीच कमी.

येथे एक गोष्ट इन्साफाने सांगितली पाहिजे. सैल झालेला प्रत्येक स्क्रू बोथट ड्रिलमुळे सैल होतो असे नाही. ठिसूळ हाड, आटोक्यात नसलेली साखर, विडी-सिगारेट, डॉक्टरांनी नको म्हटले असताना पायावर टाकलेला भार, घरच्यांनी प्रेमाने केलेली मालीश, ही कारणेही असतात. पुरावा नसताना डॉक्टरांवर आळ घेणे बरोबर नाही. पण "नशिबात होते" म्हणून प्रश्नच न विचारणे हेही बरोबर नाही.

घरच्यांनी काय करावे?

ऑपरेशन ठरलेले असेल तर अदबीने विचारावे: ड्रिल बिट नवी असते की वापरलेली, आणि ती कधी बदलतात? भोक पाडताना सलाईन सोडतात का? चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नाचा राग येत नाही. बसवलेल्या प्लेट-स्क्रूचे नाव आणि क्रमांक असलेले स्टिकर फाइलमध्ये लावून घ्यावे आणि ती फाइल जपावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे, पैसे भरण्याच्या आधी.

घरी आल्यावर जखमेतून स्राव येणे, ताप, दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, प्लेटच्या जागी काही हलल्यासारखे वाटणे, बोटे बधिर होणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी दाखवावे. एक्स-रेच्या तारखा चुकवू नयेत, दुखत नसले तरीही.

शिफा देणारा अल्लाहच, यावर आमचा ईमान आहे. पण उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. हाडाच्या ऑपरेशनमध्ये ड्रिलच्या धारेबद्दल विचारलेला साधा प्रश्न म्हणजे ती दोरीच आहे.