दुपारी दीडचं ऑफिस, मुक्काम वीर

माझं ऑफिस दुपारी दीड वाजता उघडतं. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तेव्हा जर्मनीत सकाळचे दहा वाजलेले असतात. थंडीत त्यांची घड्याळं तासभर मागं गेली की माझं ऑफिस अडीचवर सरकतं आणि सुटायला रात्रीचे साडेदहा होतात. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. तिकडच्या गोदामांत कुठला माल कुठल्या फळीवर आहे, किती उरला, कुठल्या ट्रकमध्ये चढला याचा हिशेब ठेवणारी प्रणाली आहे. तिच्यात नवा बदल झाला की तो गोदामांपर्यंत जाण्याआधी तो कुठं कुठं मोडतो ते मी शोधून काढते. बसायची जागा म्हणजे महाडजवळच्या वीर गावातल्या आमच्या घरातली माळ्याखालची खोली. तिथं पूर्वी भाताच्या कणग्या असायच्या.

या वेळापत्रकात सकाळ आपली राहते, आणि कोकणात सकाळ हाताशी असणं ही मोठी गोष्ट आहे. लावणीच्या दिवसांत सहाला शेतात उतरायचं, भाताचं आवण काढायचं, मुठी बांधून द्यायच्या, अकराला घरी येऊन न्हाऊन-जेवून दीडला कानाला हेडफोन लावायचे. नखांतला चिखल कॅमेऱ्यात दिसत नाही. हेच काम अमेरिकेच्या वेळेनं करणारी माझी मैत्रीण रात्रभर जागते, दिवसा झोपते, आणि गावात राहूनही गाव तिच्या वाट्याला येत नाही. म्हणून गावाकडून काम करायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, तुझा साहेब कुठल्या देशात बसतो? पगाराचं नंतर बघू.

लांबवर पोट भरणं आमच्या घराला नवं नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले. रेल्वे नव्हती तेव्हा सावित्रीच्या खाडीतून लाँचनं बाणकोटकडं आणि तिथून पुढं बोटीनं. आमच्या शेजारचं दासगाव हे तेव्हाचं बंदर. डिसेंबर 1927 च्या महाडच्या परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर याच वाटेनं आले आणि दासगावला उतरले. आजोबा गिरणीत लागले तेव्हा एसटी सुरू झाली होती. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच जागी आडवे व्हायचे. पगाराची मनीऑर्डर इथं यायची, माणूस गणपतीला आणि शिमग्याला. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि आजोबा ती ट्रंक घेऊन कायमचे वीरला आले. जून 1993 मध्ये कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा सुरू झाला. पुढं खेडपर्यंत रूळ जाईपर्यंत उत्तरेकडून येणाऱ्या गाडीचं वीर हे शेवटचं स्टेशन होतं. रेल्वेनं येणं सोपं केलं, तसंच जाणंही. माझे वडील त्याच गाडीनं गेले.

पैसा इकडे आणि माणूस तिकडे, ही आमच्याकडची जुनी मांडणी आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत मी पुण्याहून इथं आले आणि ती मांडणी आमच्या घरापुरती पहिल्यांदाच उलटली. मी या कामाबद्दल हळवेपणानं बोलते, त्याचं कारण हे आहे.

आमच्या गटातला एक पोलिश मुलगा हिवाळा मोरोक्कोत काढतो. अगादीरच्या उत्तरेला अटलांटिकच्या काठावर तगाझूत नावाचं गाव आहे. मूळचं मच्छीमारांचं, आता लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांचं आणि त्याच्यासारख्या लॅपटॉपवाल्यांचं. युरोपीय संघाच्या नागरिकाला तिथं व्हिसाशिवाय 90 दिवस राहता येतं. रमजानमध्ये मोरोक्को घड्याळ तासभर मागं घेतं, तेव्हा त्याला आमच्या बैठकीला रोजच्यापेक्षा तासभर आधी बसावं लागतं. बोलता बोलता त्यानं एकदा विचारलं, तुझं भाडं किती? मी म्हटलं, काही नाही. जेवण? तांदूळ शेतातला, बाकी थोडं. त्याला माझा हेवा वाटला. तगाझूत त्याला स्वस्त वाटतं ते कमाई युरोत आणि खर्च दिरहममध्ये म्हणून. वीर त्याहूनही स्वस्त, असा त्याचा हिशेब.

तो हिशेब माझ्या डोक्यातून जाईना. मी भाडं देत नाही, कारण घराचे वासे आजोबांच्या मनीऑर्डरींतून चढले. तांदूळ विकत आणत नाही, कारण बारा महिने आई आणि काकू त्या शेतामागं असतात. सकाळी गरम भाकरी, संध्याकाळी बैठक संपायच्या आत चहा, खाडीवरून कोणी आणून दिलेली कोलंबी, आजारी पडले तर महाडच्या दवाखान्यात नेणारा चुलतभाऊ. यातल्या एकाचीही पावती फाटत नाही. कमी खर्चाचं गाव म्हणतात ते असं चालतं. कोणीतरी बिनपगारी राबत असतं, म्हणून दुसऱ्याला ते परवडतं. बाहेरून येणाऱ्याच्या बाबतीत हा भार गावावर भाड्याच्या रूपानं पडतो. गोव्यात आसगाव-शिवोलीकडं बाहेरचा पैसा आला आणि स्थानिक तरुण जोडप्याला भाड्यानं घर मिळणं कठीण झालं. मी घरचीच, म्हणून माझा भार आईवर पडला. हे ध्यानात आल्यापासून घरात शेताच्या कामाला बाईमाणूस लावतो, तिची मजुरी माझ्या पगारातून जाते, आणि आईच्या नावानं दर महिन्याला रक्कम बँकेत पडते. आई म्हणते, पोटच्या पोरीकडून पैसे कसले घ्यायचे. मी म्हणते, आजोबांची मनीऑर्डर आजी घेत होती की नाही?

आता हे ऑफिस ज्या काचेच्या तंतूवर उभं आहे त्याकडं वळते. फायबरची काळी चपटी वायर विजेच्या खांबांवरून, आंब्याच्या फांद्यांमधून आमच्या पडवीपर्यंत येते. पावसाळ्यात फांदी पडली, ताडपत्री बांधलेला उंच ट्रक आडरस्त्यानं गेला, की फायबरच्या डबीवरचा लाल लाइट लुकलुकायला लागतो. मग फायबरवाल्याला फोन. आमचा फायबरवाला पंचविशीतला मुलगा आहे. मोटरसायकलच्या मागं यंत्राची पेटी बांधून तो टोळपासून दासगावपर्यंत फिरतो.

गेल्या जुलैत त्यानं जोडणी केली तेव्हा मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते. आधी त्यानं वायरच्या एका टोकाला लाल लेझरचा पेन लावला आणि वायरीखालून चालत गेला. ढगाळ अंधारात आमच्या फणसापाशी वायरीतून लाल ठिपका गळताना दिसला. तुटलंय ते तिथं. मोटरसायकलच्या सीटवर कोरडं फडकं अंथरून त्यानं पेटी उघडली. वायरीचं काळं कवच सोललं, आतल्या तंतूवरचं रंगीत आवरण एका चिमट्यानं ओढून काढलं, तेव्हा उरला तो केसासारखा काचेचा धागा. तो उजेडात धरला तरच दिसतो. स्पिरिटच्या बोळ्यानं तो पुसला, कापायच्या छोट्या यंत्रात ठेवला, टक्‌ असा आवाज झाला. कापून पडलेला तुकडा त्यानं बोटानं न उचलता चिकटपट्टीवर घेतला आणि प्लास्टिकच्या बाटलीत टाकला. “ताई, हा पायात गेला तर सापडत नाही,” म्हणाला.

मग दोन्ही टोकं जोडणीच्या यंत्रात समोरासमोर. पडद्यावर ती दोन जाड खांबांएवढी दिसतात. एका खांबाच्या कडेला धुळीचा कण दिसला, त्यानं मान हलवली, टोक काढलं, पुन्हा पुसलं, पुन्हा कापलं. पावसाचा थेंब यंत्रात जाऊ नये म्हणून मी छत्री तिरकी केली. खांब आपोआप सरकत एका रेषेत आले, मध्ये क्षणभर निळसर ठिणगी चमकली, आणि दोन्हींमधली फट नाहीशी झाली. जोडात वाया जाणाऱ्या प्रकाशाचा आकडा पडद्यावर आला, 0.02 डेसिबल. जोडावर आधीच ओवून ठेवलेली नळी सरकवून त्यानं ती यंत्राच्याच तव्यात तापवली, ती आकसून घट्ट बसली. शेवटी पोचणारा प्रकाश मोजायचा मीटर लावला. वजा 21. वजा 27 च्या खाली गेलं की डबी प्रकाश धरत नाही, हे मला आता त्याच्याइतकंच पाठ आहे. लाल लाइट विझला, हिरवा स्थिर झाला. तेवढ्या वेळात बैठकीत माझी जागा फोनच्या हॉटस्पॉटवरून मी राखून होते. समोरचे गोदामातल्या ट्रकांबद्दल बोलत होते.

या मुलाच्या हाताला जे येतं ते शिकायला वर्षं लागतात. गावातून जगाचं काम करण्याबद्दल बोलताना आपण कंपनीचं, ॲपचं नाव घेतो. भर पावसात मोटरसायकलच्या सीटवर काच जोडणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. त्याला महिन्याचा पगार शहरातल्या कारागिरासारखा मिळाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

विजेचं गणित फायबरपेक्षा सरळ. फायबरची डबी आणि राउटर मिळून वीसेक वॉट, लॅपटॉप साठेक, पंखा सत्तरच्या आसपास. 150 अँपिअर-अवरची एक चांगली बॅटरी असेल तर पंखा बंद ठेवून आख्खं ऑफिस पार पडतं. लाइट गेली की आधी पंखा थांबतो, मग इन्व्हर्टर खट्‌ करतो. राउटर बंद पडून पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं खातो, म्हणून त्याच्यासाठी हाताएवढी वेगळी बॅटरी लावलीय. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खरेदी.

नेट मंदावतं ते मात्र पावसानं नाही, गणपतीनं. चाकरमानी उतरले की प्रत्येक घरात पाच-सहा फोन वाढतात, आरतीचे व्हिडिओ चढायला लागतात, आणि मोबाइलच्या टॉवरवर संध्याकाळी साधा फोनही लागत नाही. फायबर तुटली तर त्या दिवसांत दुसरी वाट उरत नाही. म्हणून वर्षाची सुट्टी मी तेव्हाच टाकते. गणपतीला कोणी कोकणात काम करूही नये.

आणि असेही दिवस येतात ज्यांपुढं कुठलीच बॅटरी पुरत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, जिल्ह्यात विजेचे हजारो खांब आडवे झाले. 22 जुलै 2021 ला महाड शहर पाण्यात गेलं आणि त्याच संध्याकाळी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. रस्ते पाण्याखाली, फोन बंद. मदतीची पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. माझ्या कंपनीला माझा निरोप चार माणसांच्या हातून गेला, ती काही मोठी गोष्ट नव्हे. तळियेची हाक बाहेर पोचायला जो वेळ गेला तो माझ्या मनातून जात नाही. दऱ्याखोऱ्यांतल्या वाड्यांपर्यंत न तुटणारं नेट हवं असं मी म्हणते तेव्हा माझ्यासारख्यांच्या नोकऱ्या त्या यादीत शेवटी येतात.

घरात बसून केलेलं काम हे काम आहे, हे गावाला पटायला वेळ लागला. पुरुष लॅपटॉपसमोर बसला तर “साहेब कामात आहे” म्हणतात. बाई बसली तर “घरातच आहे ना, जरा दळण बघ.” शेवटी काकूनंच तोड काढली. बैठक असेल तेव्हा दाराच्या कडीला लाल फडकं. आता पोस्टमनसुद्धा फडकं बघून ओटीवर बसतो. काकू चौथीपर्यंत शिकलेली, पण माझ्या कामाच्या वेळेचा पहारा तिच्याइतका कडक कोणी केला नसता.

वीरपासून थोड्या अंतरावर लोणेरे. तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, 1989 पासून. शिकून बाहेर पडणारी मुलं हिंजवडीला जातात, ते समजण्यासारखं आहे. राहून जातात त्या मुली. महाडच्या कॉलेजातून बीकॉम, बीएस्सी झालेल्या, कॉम्प्युटर येणाऱ्या, पण लग्न ठरेपर्यंत लांब पाठवायचं नाही म्हणून घरी बसवलेल्या. त्यांना हिशेब लिहायची, माहिती भरायची, तपासणीची कामं मिळू शकतात. त्यांच्या घरांत नाही ती कडी लावता येईल अशी खोली, आणि फडक्याची राखण करणारी काकू.

म्हणून ग्रामसभेपुढं मी एक कागद ठेवणार आहे. गावात रिकामी असलेली एखादी खोली, आठ टेबलं, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नेटची लाइन, इन्व्हर्टर, स्वच्छ संडास, आणि बसणाऱ्यांनी महिन्याला भरायची वर्गणी. बाहेरून कोणी लॅपटॉप घेऊन राहायला आला तर त्यानंही बसावं, मात्र वर्गणी दुप्पट. कागद काकूला वाचून दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पोरी रात्री साडेदहाला सुटल्यावर घरी कशा जाणार? आता पहिल्या ओळीत खोलीपासून वाडीपर्यंतचे रस्त्यावरचे दिवे आहेत, त्याखाली रात्रीच्या मिनीडोरचं भाडं, आणि टेबलं तिसऱ्या ओळीवर गेली आहेत.