नवतप्यात मोटारगाडी मान का टाकते?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. विदर्भात ज्याला आपण नवतपा म्हणतो, ते नऊ दिवस. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, वर्धा, कोठेही जा, दुपारी पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. अशा वेळी एखादी जुनी, कार्बुरेटरची पेट्रोल गाडी सकाळपासून पन्नास किलोमीटर बिनतक्रार धावते. चहासाठी दहा मिनिटे थांबते. पुन्हा लगेच सुरूही होते. मात्र जेमतेम अर्धा किलोमीटर गेल्यावर आचके देते आणि भर रस्त्यात बंद पडते. टाकीत पेट्रोल आहे, बॅटरी उत्तम आहे, स्टार्टर फिरतो आहे. पण इंजिन काही केल्या पेट घेत नाही. जवळचा एखादा मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो आणि म्हणतो, "भाऊ, पंपावर ओला दुपट्टा टाका." पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू!

हा चमत्कार नव्हे, हे पदार्थविज्ञान आहे. पण गाडीत आजारी माणूस असेल आणि सेवाग्रामचे रुग्णालय अजून वीस किलोमीटर दूर असेल, तर गाडी का थांबली हे नेमके कळणे फार मोलाचे ठरते. कारण चुकीचे ठरवले तर चांगला भाग बदलला जाईल, पैसे जातील, आणि गाडी पुन्हा तशाच आडवळणी जागी थांबेल. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, या कोड्याचा उलगडा आपण पायरीपायरीने करू या.

इंजिनाच्या चार गरजा

जर्मनीच्या निकोलाउस ओटो याने १८७६ साली चार धावांचे इंजिन यशस्वी करून दाखवले. आजचे पेट्रोल इंजिनही त्याच तत्त्वावर चालते. पहिल्या धावेत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते, दुसऱ्या धावेत ते दाबले जाते, तिसऱ्या धावेत ठिणगीने पेटून दट्ट्याला ढकलते आणि चौथ्या धावेत जळालेले वायू बाहेर जातात. म्हणजे इंजिनाला चारच गोष्टी हव्यात : हवा, पेट्रोल, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडाव्या लागतात. चारपैकी एक गोष्ट जरी चुकली, तरी इंजिन थांबते.

आपल्या गाडीचे काय चुकले? सकाळपासून ती नीट धावली, तेव्हा सिलिंडरमधला दाब दहा मिनिटांत नाहीसा होण्याचे कारण नाही. हवेची वाटही अचानक बंद होत नाही. उरले दोन संशयित : पेट्रोल आणि ठिणगी.

येथे एक बारीक खूण लक्षात घ्या. गाडी थांब्यावरून सुरू झाली, थोडी धावली आणि मग बंद पडली. कार्बुरेटरला एक लहानशी वाटी असते. पंपाने आणलेले पेट्रोल आधी तिच्यात साठते. समजा वाटीत ५० मिलिलिटर पेट्रोल आहे आणि गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ८३ मिलिलिटर पेट्रोल लागते. वाटीतले ५० मिलिलिटर सुमारे ६०० मीटर पुरेल. गाडी जवळपास तेवढेच अंतर गेली! याचा अर्थ, वाटीतले पेट्रोल संपले आणि मागून नवे आले नाही, असा दाट संशय घ्यायला जागा आहे.

पेट्रोल उकळते कधी?

पाणी हा एकच पदार्थ आहे, म्हणून त्याचा उत्कलनबिंदू ठरलेला असतो. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. हे हलके घटक मुद्दाम ठेवलेले असतात. ते नसतील तर हिवाळ्यात पहाटे इंजिन सुरूच होणार नाही. थंडीत उपकार करणारेच उन्हाळ्यात अडचण करतात.

कोणताही द्रव केव्हा उकळतो? त्याचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका होतो तेव्हा. पेट्रोलचा बाष्पदाब ३७.८ अंशांना मोजण्याची रीत आहे. तो ६० किलोपास्कलच्या आसपास धरू. वर्ध्याला हवेचा दाब सुमारे ९८ किलोपास्कल असतो. तापमान वाढले की बाष्पदाब झपाट्याने वाढतो. असे पेट्रोल अंदाजे ५२ अंशांना ९८ किलोपास्कलपर्यंत पोचते, म्हणजे उघड्या भांड्यात ते तेथे उकळू लागेल.

आता गाडीची रचना पाहा. पेट्रोलची टाकी मागे आणि खाली, इंजिन पुढे. जुन्या गाड्यांतला यांत्रिक पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. त्यात एक लवचीक पडदा असतो. तो वर-खाली होऊन पेट्रोल टाकीतून ओढून घेतो. 'ओढून घेतो' म्हणजे नळीतला दाब कमी करतो. हा दाब ९८ वरून ८३ किलोपास्कलवर आला असे समजू. मग उकळायला ५२ अंशांची गरज उरत नाही. सुमारे ४७ अंश पुरतात. बाहेरची हवाच ४५ अंश असलेल्या दिवशी इंजिनाला चिकटलेल्या पंपात ४७ अंश होणे काय अवघड!

पेट्रोलची वाफ झाली की पंप निकामी होतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून पडदा हलला की द्रवाला पुढे सरकावेच लागते. वाफ मात्र दाबली जाते आणि फुगते. पडदा वर-खाली होत राहतो, त्याच्याबरोबर वाफेचा फुगा लहानमोठा होतो, आणि पेट्रोल जागचे हलत नाही. मिस्त्री याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. आपण त्याला बाष्परोध म्हणू.

थांबल्यावरच का?

तुम्ही विचाराल, गाडी धावत असताना इंजिन अधिक तापलेले. मग बाष्परोध थांबल्यानंतर का व्हावा? धावत्या गाडीत पंख्याचा वारा बॉनेटखालून वाहत असतो, पाणी इंजिनाची उष्णता रेडिएटरकडे नेत असते, आणि नळीतून सतत नवे, त्या मानाने थंड पेट्रोल येत असते. इंजिन बंद केले की हे तिन्ही थांबते. इंजिनाचा लोखंडी ठोकळा मात्र ९० अंशांच्या घरात असतो आणि धूर बाहेर नेणारी नळी त्याहून कितीतरी गरम. ही साठलेली उष्णता आता आजूबाजूला पसरते. म्हणून थांबल्यानंतरची काही मिनिटे पंपाला सर्वांत कठीण जातात.

ओल्या दुपट्ट्याची करामत

पाण्याचा एक ग्रॅम वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. हीच बाष्पीभवनाची अप्रकट उष्मा. आपल्याकडे मे महिन्यात हवा अतिशय कोरडी असते. हवा ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर वाऱ्यात धरलेला ओला फडका २३ ते २४ अंशांपर्यंत थंड होऊ शकतो. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. पंपावर गरम इंजिनाची उष्णता येतच असते, तेव्हा तो इतका थंड होणार नाही. पण त्याला ४७ अंशांच्या खाली आणणे एवढेच काम आहे. वाफ पुन्हा द्रव होते आणि पंप काम करू लागतो.

मात्र काळजी घ्या. फडका फक्त पंपावर आणि पेट्रोलच्या नळीवर ठेवायचा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये, वीज वाहणाऱ्या भागांवर पाणी पडू देऊ नये, रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, आणि जवळपास विडी-काडी नको.

पण हे सिद्ध झाले का?

गाडी सुरू झाली म्हणून बाष्परोधच होता असे म्हणता येईल का? थांबा. घाई करू नका. दुसरा संशयित अजून सुटलेला नाही.

जुन्या गाडीत ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारे कॉइल असते. त्याचे आतले वेष्टण खराब झाले असेल तर ते थंड असताना चालते आणि तापले की ठिणगी कमजोर होते. तिसराही एक संशयित आहे : टाकीचे झाकण. त्यातल्या बारीक छिद्रातून हवा आत येते. ते धुळीने बुजले तर पेट्रोल कमी होत जाईल तसा टाकीतला दाब घटतो आणि पंपाला पेट्रोल ओढणे जड जाते.

गंमत अशी, की अर्धा तास नुसते थांबले तर यांपैकी कोणतीही गाडी सुरू होऊ शकते. कॉइल थंड होते, पंप थंड होतो, टाकीत हवाही हळूहळू शिरते. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीला वेळ हेच एक औषध असते. म्हणून त्या अर्ध्या तासात जे काही केले, मग ते फडका टाकणे असो, प्लग पुसणे असो की नारळ फोडणे असो, त्यालाच श्रेय मिळते!

तेव्हा तपासणी अशी करावी की तीनही संशयित वेगळे पडतील. गाडी बंद पडताच, न थांबता, टाकीचे झाकण सैल करा. 'सूं' असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणाचा. तसे नसेल तर मिस्त्रीकडून ठिणगी पाहून घ्या. ठिणगी पिवळट व क्षीण असेल तर कॉइलकडे लक्ष द्या. निळसर व जोरदार असेल तर कॉइल सुटले. पेट्रोलचे गाळणे पारदर्शक असेल तर त्यात बुडबुडे दिसतात का, हेही पाहा. आणि केवळ पंप थंड केल्यावर पाच मिनिटांत गाडी सुरू होते, पण फडक्याशिवाय तितकाच वेळ थांबून होत नाही, असे पुन्हा पुन्हा आढळले, तरच बाष्परोधावर बोट ठेवता येईल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही तसाच लागू पडतो.

ट्रॅक्टर आणि नव्या गाड्या

शेतकऱ्याच्या घरची मुले म्हणतील, आमचा ट्रॅक्टरही असाच बंद पडतो. मग 'हवा धरली' म्हणतात आणि हातपंप मारून हवा काढतात. दोन्हींत साम्य आहे, पण कारण वेगळे. डिझेलचे घटक साधारण १८० अंशांच्या पुढे उकळतात, त्यामुळे उन्हाने त्याची वाफ होत नाही. तेथे टाकी रिकामी झाल्याने किंवा सैल जोडातून बाहेरची हवा शिरते. ती थंड करून जाणार नाही, काढावीच लागेल.

नव्या पेट्रोल गाड्यांत विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच बुडवलेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. बहुतेक गाड्यांत वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाबाने. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, म्हणून बाष्परोध आता क्वचितच आढळतो. तरी उष्णतेने पाठ सोडलेली नाही. इंजिनाच्या दांड्याची स्थिती सांगणारा संवेदक खराब होऊ लागला, तर तो तापल्यावर संदेश देणे थांबवतो आणि चालती गाडी एकदम बंद पडते. जुन्या कॉइलचाच हा नवा अवतार. शिवाय आपल्या देशात २०२५ सालापर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळते. पण पेट्रोलच्या काही घटकांशी मिळून ते त्याहून कमी तापमानाला उकळणारी मिश्रणे बनवते. जपून ठेवलेल्या जुन्या गाडीच्या मालकाने हे ध्यानात ठेवावे.

चालती गाडी बंद पडली तर स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीनदा दाबल्यावर संपते. अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच जोराने व स्थिर दाबावा, गाडी कडेला घ्यावी, आणि ती पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये.

वर्गात करून पाहा

पेट्रोलवर प्रयोग कधीही करू नका. पाणी पुरते. पाणी उकळून घ्या, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाईल. ते ६० अंशांपर्यंत निवू द्या. सुई नसलेल्या मोठ्या पिचकारीत शिक्षकांच्या मदतीने थोडे पाणी घ्या, आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. ६० अंशांना पाणी उकळताना दिसेल! दट्ट्या सोडा, बुडबुडे नाहीसे होतील. आता आत थोडी हवा मुद्दाम घेऊन हेच करा. दट्ट्या सोडल्यावर हवेचा बुडबुडा तसाच राहील. पहिला प्रकार मोटारीचा बाष्परोध, दुसरा ट्रॅक्टरने धरलेली हवा.

विचार करा : ओला दुपट्टा वर्ध्याला मे महिन्यात चटकन गुण देतो. मुंबईला त्याच महिन्यात हवा ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असताना तो फडका किती थंड होईल? शाळेत ओल्या व कोरड्या फुग्याचे तापमापक असतील तर दोन्हींची नोंद आठवडाभर दुपारी ठेवा, आणि आपल्या गावचा फडका किती अंश उतरतो ते स्वतःच मोजा.