दादरचा जिन्नस

झरी जामणीच्या बसथांब्यावर गाडीची वाट पाहत असता, ज्या मुलखात बटाट्याला आलू आणि वड्याला आलूबोंडा म्हणण्याचा रिवाज, तेथे एका कढईवाल्याच्या पाटीवर ‘वडापाव’ ही अक्षरे दृष्टीस पडली आणि हा दादरचा जिन्नस पैनगंगेच्या काठापर्यंत आला कसा, याचा मागोवा मन घेऊ लागले.

1966 साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य नावाच्या गृहस्थांनी वड्याची गाडी लावली. शेजारी आम्लेटपाव विकला जाई, तो पाहूनच वडा पावात घालण्याची बुद्धी त्यांना झाली, असा वृत्तान्त रूढ आहे. त्याच सुमारास तेथेच सुधाकर म्हात्रे यांनीही हा धंदा आरंभला, असे सांगणारेही आहेत. या दाव्याचा निवाडा करील असे दप्तर कोठे नाही, आणि मला तरी त्याची फारशी खंत नाही. पाव मधोमध चिरावा, आत लसणीची लालभडक कोरडी चटणी भुरभुरावी, कढईतून नुकताच निथळलेला वडा त्यात दाबावा, आणि वर्तमानपत्राच्या चिटोऱ्यावर तळलेल्या मिरचीसह तो हाती द्यावा. पाळी गाठण्याच्या घाईत असलेल्या गिरणी कामगाराला उभ्याउभ्या, एका हाताने उरकता येईल असे याहून स्वस्त अन्न दुसरे नव्हते.

पुढे जानेवारी 1982 मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, बहुतेक गिरण्यांची धुराडी कायमची थंडावली, आणि काल जे गाडीपुढे गिऱ्हाईक म्हणून उभे राहत, त्यांतल्या कित्येकांनी पोटासाठी स्वतःच कढई चढवली. वैद्यांची गाडी त्यामुळे बंद पडली असे नव्हे, तिच्यामागे पुढे त्यांचे चिरंजीवही उभे राहिले. परंतु बेसन, लसूण आणि पाव यांवर कोणाचा मक्ता चालणार? मूळ पुरुषाचे नाव नाक्यानाक्यावरच्या धुरात विरून गेले, आणि 2001 नंतर ‘जम्बोकिंग’सारख्या कंपन्यांनी त्याच जिन्नसाला झगमगते दुकान, गणवेश आणि छापील वेष्टन दिले, तेव्हा नफ्याचा हिशेब भलत्याच वह्यांत लिहिला जाऊ लागला.

एवढ्यात कढईवाल्याने विचारले, “पावासंगं देऊ का रश्श्यासंगं?” मी पाव म्हटले. त्याने पाव दिला, आणि वरून पळीभर रस्सा न विचारताच ओतला.