तक्रार आढळली नाही

महागड्या एसयूव्हीच्या वर्कशॉपमध्ये कामाला सुरुवात होते ती जॉब कार्डापासून. मालक सांगतो, ‘सिग्नलला उभं असताना पेडल हळूहळू खाली जातं’ किंवा ‘चढावर इंजिन ठोकतं आणि पिकअप जातो’. सर्व्हिस ॲडव्हायझर टॅबवर टाइप करतो : ब्रेक तक्रार, इंजिन आवाज. सिग्नल, चढ, हळूहळू, सगळं तिथेच गळून पडतं. मग स्कॅनर लावला जातो, एक ट्रायल मारली जाते, गाडी धुऊन परत मिळते. एरर कोड निघाला नाही, तर कार्डावर ओळ उमटते : तक्रार आढळली नाही. या ओळीने गाडीचा दोष मिटत नाही, फक्त त्याची नोंद मिटते. आणि नोंदच उरली नाही, तर दोष एका गाडीचा की हजारो गाड्यांचा, हे कधीच कळत नाही.

अमेरिकेतलं कॅडिलॅक एस्कलेडचं प्रकरण यासाठी नीट पाहायला हवं. जनरल मोटर्सचं ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन या गाडीत आणि कंपनीच्या इतर मोठ्या एसयूव्ही व पिकअपमध्ये बसतं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने चौकशी सुरू केली, तेव्हा तिच्याकडे मालकांच्या ३९ तक्रारी होत्या. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ५,९७,६३० गाड्या परत बोलावताना कंपनीने स्वतःच्या नोंदींतला आकडा दिला : या दोषाशी संबंध असू शकेल अशा २८,१०२ तक्रारी आणि घटना. त्यांतल्या १४,३३२ प्रकरणांत चालत्या गाडीची ओढच गेल्याचं म्हटलं होतं. सरकारकडे ३९, कंपनीकडे २८,१०२. याआधी कंपनीने तीनदा अंतर्गत चौकशी सुरू करून बंद केली होती. दोष होता क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या उत्पादनात : तेलाच्या वाटांमध्ये राहिलेला गाळ, मापात आणि घासकामात चुकलेले शाफ्ट. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो, सगळा भार त्यावर तरंगतो. तिथे एक कण गेला की बेअरिंगवर ओरखडा पडतो, मग ठकठक सुरू होते. काढलेलं तेल उन्हात धरलं तर त्यात धातूची चकाकी दिसते. ती ठकठक अनेकदा आधी मालकाच्याच कानावर पडते. कोड नंतर येतो, कधी थेट इंजिन बसल्यावर.

यावर वर्कशॉपवाल्यांचं एक म्हणणं असतं, आणि ते खोटं नाही. दीड-दोन कोटींची गाडी घेणाऱ्याला बारीकसा आवाजही खपत नाही. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात. थंड पॅड किंचाळतात. अडीच टनांची गाडी छोट्या कारसारखी जागच्या जागी थांबत नाही. यात दोष कुठलाच नाही. पण नेमकं म्हणूनच मालकाचे शब्द जसेच्या तसे उतरवायला हवेत. सकाळच्या पहिल्या ब्रेकला खरखर आणि सिग्नलला खाली जाणारं पेडल यांतला फरक त्याच शब्दांत असतो. ‘ब्रेक तक्रार’ असं लिहिलं की दोन्ही सारखीच दिसतात.

स्कॅनरवर सगळा भरवसा का ठेवू नये, हे मर्सिडीजच्या प्रकरणात दिसलं. २००४ ते २०१५ या काळात बनलेल्या एमएल, जीएल आणि आर-क्लास मालिकांतल्या जगभरच्या ९,९३,४०७ गाड्या २०२२ मध्ये परत बोलावल्या गेल्या. ब्रेक बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला बसवलेला पत्र्याचा गोल डबा. त्यावरच्या रबरी पट्ट्याखाली ओल साचून सांधा गंजत होता. जोरात ब्रेक मारताना तो फाटला, तर पेडल आणि ब्रेक यांचा संबंधच तुटू शकत होता. अमेरिकेत मालकांना गाडी चालवूच नका असं कळवलं गेलं. तपासणी कसली, तर रबर काढून डोळ्यांनी गंज पाहणं. आणि आधीची लक्षणं कोणती, तर पेडल मऊ लागणं, दाबताना हवा सुटल्याचा फुस्स आवाज. पाय आणि कान. बूस्टरची जुनी गॅरेज-परीक्षाही पायाचीच असते : इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, दाबूनच धरायचं, मग इंजिन चालू करायचं, पेडल किंचित खाली सरकलं पाहिजे.

श्रीमंतांच्या गाड्यांची एवढी काळजी कशाला, असं कुणी विचारेल. पण परत बोलावलेल्या त्या मर्सिडीजमधली सर्वांत जुनी गाडी २०२२ मध्ये अठरा वर्षांची होती. अशा गाड्या तोवर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेल्या असतात. आणि ब्रेक न लागलेली गाडी समोरच्या स्कूटरवाल्याची ऐपत विचारत नाही.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि एप्रिल २०२१ पासून सक्तीने गाड्या परत बोलावण्याचे नियम लागू झाले. दंड एक कोटीपर्यंत, तक्रारीसाठी वाहन पोर्टल. हे चांगलंच झालं. पण हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते आहेत. मर्सिडीजचा गंज आपल्या नियमांत बसवून पाहिला, तर जवळपास सगळ्या गाड्या बाहेर राहतात. गंजाला वेळ लागतो, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत ब्रेकसाठी ही वयाची अट मला पटत नाही. वर्षाला ५०० पर्यंत विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी तक्रारींची मर्यादा आहे २० टक्के किंवा १००. ज्या तक्रारी वर्कशॉपमध्येच ‘आढळल्या नाहीत’, त्या शंभरात कशा मोजल्या जाणार? ब्रेकपुरती तरी सात वर्षांची अट सरकारने काढावी, आणि कंपन्यांना जॉब कार्डावरच्या मूळ तक्रारी पोर्टलवर भरायला लावाव्यात. तोवर वाचकांनी एवढं करावं : कार्डावर आपलं वाक्य आपल्याच शब्दांत लिहून घ्यावं, त्याची प्रत मागावी, आणि तीच तक्रार त्याच दिवशी पोर्टलवरही टाकावी.